खंड्या म्हणतो

“काकी, आत विचारा की जरा.”

काकी फडक्याला हात पुसायची, पडदा सारून मागच्या खोलीत जायची आणि गिऱ्हाइकाची बिडी नीट पेटेपर्यंत परत यायची.

“हे म्हणतात, पाणी गढूळ आहे. गढूळ पाण्यात मासा डोळ्यांनी खात नाही, नाकानं खातो. शिळी कोळंबी लाव. शिसं जड घे, आमिष तळाला बसलं पाहिजे. आणि पुलाच्या खालच्या अंगाला बस. खांबाच्या आडोशाला पाणी शांत असतं, मासा तिथं दम खायला थांबतो.”

गिऱ्हाईक शिसं घ्यायचं, कोळंबीची पुडी घ्यायचं आणि उतारानं धक्क्याकडे निघायचं. धक्क्यावर पोचायच्या आत त्याचं ‘खंड्या म्हणतो’ सुरू झालेलं असायचं.

खंड्या म्हणजे काकीचा नवरा. नदी समुद्राला मिळते त्याच्या जरा अलीकडे त्यांचं गळांचं दुकान. पुढच्या खोलीत लाकडी फळीचा गल्ला, काचेच्या बरण्यांमधून आकारानं लावलेले गळ, पिंपात उभ्या केलेल्या काठ्या, कोपऱ्यात ओल्या मातीची पेटी आणि तिच्यात गांडुळं. मागच्या खोलीत पलंग आणि चूल. त्याच्याही मागं परस, नळ आणि मासे साफ करायचा दगड. दोन खोल्यांच्या मधे दार नव्हतं. जुन्या चादरीचा पडदा होता, वर लोखंडी कड्या.

नाव त्याला धक्क्यानं दिलं होतं. मान खांद्यात घालून तो तासन्‌तास हलायचा नाही. लोक म्हणायचे, याच्यावर पक्षी बसेल. मग एकदाच हात उडायचा आणि मासा बाहेर. बोलायचा कमी. सल्ला द्यायचा तो शिवी दिल्यासारखा. “सावली पाण्यात पडतेय तुझी. मागं हो.” “पाय आपटू नकोस, मासा बहिरा नाही.” “गाठ आवळायच्या आधी थुंकी लाव. कोरडी गाठ स्वतःलाच कापते.” ऐकणारा चिडायचा, पण गाठीला थुंकी लावायचा.

एके दिवशी सकाळी बूट घालायला वाकला तो तसाच कलंडला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. समज मात्र जागच्या जागी राहिली, आणि काकीला पुढं पुढं वाटायला लागलं की हीच काय ती खरी शिक्षा.

दवाखान्यातून घरी आणल्यावर पहिला भेटायला आला तो होड्या रंगवणारा रंगारी. दोघांची दोस्ती जुनी. खंड्यानं त्याला बघून काहीतरी म्हणायचं म्हणून तोंड उघडलं आणि घशातून एक लांबलचक, वेडावाकडा आवाज आला. खंड्या आधी कुणाकुणाच्या नकला करायचा. रंगाऱ्याला वाटलं, नक्कलच करतोय. तो मोठ्यानं हसला. मग हसू अर्ध्यावर तुटलं आणि तो बरण्यांकडे बघत उभा राहिला. खंड्यानं डावा हात लांब केला, पडद्याची कड पकडली आणि खस्सकन ओढली. कड्या किंचाळल्या. त्यानंतर काकीशिवाय त्या पडद्याच्या आत कुणी गेलं नाही. सख्खा धाकटा भाऊ, पैलतीरावर माणसं नेणारा होडीवाला, दर आठवड्याला यायचा. काकी गल्ल्यावरूनच सांगायची, “झोपलेत.” तो म्हणायचा, “माझ्याच वेळेला कशी झोप लागते वहिनी त्याला?” आणि निघून जायचा.

सल्ल्याचं सुरू झालं ते मात्र खोट्यानं नव्हे. एका माणसानं दुकानात उभं राहून मोठ्यानं विचारलं, “ओहोटीला जाऊ का भरतीला?” काकीनं फटीतून पाहिलं तर पलंगावरचा डावा तळवा हळूहळू खाली जात होता. ओहोटी. काकीनं सांगितलं, “ओहोटीला जा म्हणतात.” त्या माणसाला मासा लागला आणि दुसऱ्या दिवशी तिघं विचारायला आले. खंड्याची वाचा परत आली, असंच सगळ्यांनी धरलं.

तेव्हा खंड्याच्या चेहऱ्यावर थोडी धुगधुगी आली होती. तळवा वर, तळवा खाली. बोट नदीकडे, बोट समुद्राकडे. तो दोन शब्द दाखवायचा, काकी दहा सांगायची. पुढं तो एकच दाखवायला लागला. मग भिंतीकडे तोंड करून पडायला लागला. गिऱ्हाईक बाहेर ताटकळत असायचं. काकी पलंगाशी उभी राहून त्याच्या पाठीकडे, मानेवर वाढलेल्या केसांकडे बघत राहायची. रिकाम्या हातानं बाहेर कसं जायचं? एकदा ती बाहेर आली आणि आपल्याच मनानं बोलली. बोलणं बरोबर निघालं.

आणि तिला जे माहीत होतं, ते वाऱ्यावरचं नव्हतं. लग्न झाल्यापासून त्यानं आणलेला प्रत्येक मासा तिनं परसातल्या दगडावर फाडला होता. त्यानं मासा वरून पाहिला, तिनं आतून. बोय मासळीच्या पोटात फक्त बारीक काळा चिखल असतो. तिला कोळंबी दाखवून काय उपयोग, तिला बारीक गळावर पावाचा गोळा लावावा. वामेच्या पोटात खेकड्याच्या नांग्या. उन्हाळ्यात वरच्या गोड्या पाण्यातल्या माशाच्या पोटात झाडावरून पडलेले किडे, म्हणजे मासा सावलीत, फांद्यांच्या खाली. पाऊस होऊन गेला की गांडुळं. हे सगळं तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं. तिला विचारायचे ते, मासा ताजा आहे का.

तरी ते ‘काकी म्हणते’ झालं नाही. ती स्वतःच होऊ देईना. बाईमाणसाच्या सांगण्यावर कोण शिसं विकत घेणार, असं तिनं आधी स्वतःला सांगितलं. मग सांगायचीही गरज उरली नाही. आत जायचं, पलंगाशी उभं राहायचं, बाहेर यायचं. तो जागा असायचा. श्वासावरून तिला कळायचं. आपल्या नावावर दुसऱ्याचं बोलणं खपतंय हे तो भिंतीकडे तोंड करून ऐकायचा. आवडतंय की नाही, त्याच्या पाठीवरून कळायचं नाही. तिनं विचारलंही नाही. विचारलं असतं तर त्यानं हात हलवून ‘नको’ म्हटलं असतं, ही भीती.

त्याहून वाईट एक गोष्ट होती. तिला ते आवडायला लागलं होतं. धक्क्यावरून कुणी पिशवी उंच धरून ओरडत यायचं, “काकी, खंड्या म्हणजे खंड्या हो!” तेव्हा तिच्या मानेवरून ऊन सरकल्यासारखं व्हायचं, आणि लगेच पाठोपाठ पलंगावरच्या माणसाचा राग यायचा, नाव त्याचं आहे म्हणून. अंथरुणाला खिळलेल्या नवऱ्याचा हेवा! ती दगडावर जोरजोरानं खवले काढायची.

अशात एक दिवस शिंपी आला.

शिंपी भित्रा माणूस. सुईशिवाय दुसऱ्या टोकदार वस्तूला हात लावायचा नाही. गळाला आमिषसुद्धा चष्मा लावून, देवाला फूल वाहावं तसं लावायचा. पण त्याला एकदा, आयुष्यात एकदाच, मोठा मासा धरायचा होता. मेव्हणा त्याला चिडवायचा, “तुमच्या माशांचं माप घेऊन अंगरखे शिवा, कापड उरेल.”

“काकी, पट्ट्यावर जाऊ म्हणतो,” शिंपी म्हणाला.

पट्टा म्हणजे नदीच्या मुखाशी ओहोटीला उघडी पडणारी वाळू. लोक चालत जातात, समुद्राकडे तोंड करून उभे राहतात, लांब गळ टाकतात.

“कधीपर्यंत थांबू? विचारा ना आत.”

काकी आत गेली, उभी राहिली, बाहेर आली.

“हे म्हणतात, ओहोटी संपली म्हणून हलू नकोस. सगळे तेव्हाच पिशव्या उचलतात आणि तिथंच चुकतात. भरतीचं पहिलं पाणी येऊ दे. मोठा मासा त्या पाण्याबरोबर आत येतो, चिखलातले खेकडे खायला.”

हेही खरंच होतं. भरतीच्या तोंडाला धरलेल्या माशांच्या पोटात तिनं कितीदा बारीक खेकडे पाहिले होते, पाय अजून वळवळणारे. ते मासे खंड्यानं पट्ट्यावरून नव्हे, धक्क्यावरून धरले होते, एवढंच तिच्या लक्षात आलं नाही. ती पट्ट्यावर कधी गेलीच नव्हती.

पडद्याआड पेला वाजायला लागला. हाक मारायला म्हणून खंड्याच्या उशाशी तिनं एक स्टीलचा पेला ठेवला होता. तो पलंगाच्या लोखंडी दांड्यावर आपटत होता. एकदा, मग पुन्हा, मग थांबेचना.

“बोलावतात वाटतं,” शिंपी म्हणाला.

काकीला कळलं होतं. तहानेचं वाजवणं तिला माहीत होतं, लघवीचं माहीत होतं. हे तसं नव्हतं. हे ‘नाही, नाही’ होतं. आत गेलं तर त्याचा हात बघावा लागला असता, आणि बाहेर येऊन शिंप्याला म्हणावं लागलं असतं की थांब, चुकलं. कुणाचं चुकलं म्हणायचं?

“हो हो, सांगितलं त्याला!” ती पडद्याकडे तोंड करून ओरडली. मग शिंप्याला म्हणाली, “जेवणाची वेळ झाली की असंच करतात. तू जा, पाणी निघून जाईल.”

शिंपी गेल्यावरही पेला वाजत होता. मग थांबला. ती आत गेली तेव्हा पेला जमिनीवर पडला होता आणि खंड्या छताकडे बघत होता. तिनं पेला उचलला, धुतला, जागेवर ठेवला. त्याच्याकडे बघितलं नाही.

संध्याकाळच्या आत होडीवाल्यानं शिंप्याला दुकानात आणून उभं केलं. शिंपी निथळत होता, चष्मा गेलेला, काठी गेलेली, एक चप्पल पायात. दात वाजत होते. मागोमाग धक्क्यावरची चार डोकी दारात जमली.

“विचारा याला, कुणी सांगितलं भरतीपर्यंत थांबायला!” होडीवाला म्हणाला. “पट्ट्यावर पाणी पुढून येत नाही वहिनी, मागून येतं! किनारा आणि पट्टा यांच्या मधला खोलगट भाग आधी भरतो. हा समुद्राकडे बघत उभा, खूश, आणि मागं गळ्याइतकं पाणी! मी पलीकडून रिकामा येत होतो म्हणून दिसला. नाहीतर उद्या याच्या मेव्हण्यानं याचंच माप घेतलं असतं, कापडात गुंडाळायला!”

कुणी हसलं नाही.

“मला हे कुणी शिकवलं? दादानं! लहानपणी कान धरून. पट्ट्यावर मासा समोर असला तरी मान मागं ठेवायची. आणि आता तोच दादा माणसाला मरायला पाठवतो? अक्कल गेली त्याची, वहिनी. वाईट वाटतंय म्हणायला, पण गेली. आजपासून मी धक्क्यावर सगळ्यांना सांगणार, खंड्याचं ऐकू नका.”

सगळे काकीकडे बघत होते. तिच्या पायाखाली शिंप्याच्या अंगावरचं खारं पाणी येऊन साचलं होतं. तिनं तोंड उघडलं.

“आजारी माणूस आहे,” ती म्हणाली. “चुकतो कधी कधी.”

हे तिनं हळू म्हटलं नाही. दारातल्यांना ऐकू जाईल असं म्हटलं. पडद्याआडून काहीच आवाज आला नाही.

पुढचे दिवस दुकान चालू होतं. गळ खपत होते, गळाची तंगूस दोरी खपत होती. विचारत मात्र कुणी नव्हतं. धक्क्यावर ‘खंड्या म्हणतो’ची थट्टा झाली होती. कुणाची दोरी गुंतली की “खंड्या म्हणतो, अशीच असू दे.” कुणाचा पाय घसरला की “खंड्या म्हणतो, उडी मार.” वाऱ्याबरोबर ते हसणं उतारावरून वर यायचं, दुकानात शिरायचं, पडद्यालाही अडायचं नाही.

खंड्या जेवायचा. तोंडाशी घास नेला की तोंड उघडायचा, तिच्या कानाच्या पलीकडे कुठंतरी बघत. पेला वाजवायचा नाही. तहान लागली तरी नाही, अंथरूण ओलं झालं तरी नाही. ती ओली चादर परसात पिळताना तिला वाटायचं, त्यानं एकदा पेला फेकून मारावा. त्या माणसाकडे आता होतं काय? पाय नव्हते, जीभ नव्हती. धक्क्यावर एक नाव तेवढं उभं होतं, त्याच्याऐवजी. ते तिनं वापरलं, मळवलं, आणि वेळ आल्यावर त्याच्याच अंगावर टाकलं.

एका दुपारी ओहोटी लागायच्या वेळेला तिनं दुकान तसंच उघडं टाकलं आणि उतार उतरली. एवढ्या वर्षांत ती धक्क्यावर गेली नव्हती. तिची हद्द दगडापर्यंत. कठड्याला ओळीनं माणसं उभी होती, काठ्या पुढं करून. रंगारी होता, शिंपी नव्या चष्म्यासकट होता, खाली पायरीशी होडी बांधून होडीवाला बसला होता. तिला बघून बोलणं थांबलं.

“दुकानाला आग बिग लागली का काकी?” कुणीतरी म्हणालं.

“मला सांगायचंय,” ती म्हणाली. आवाज फाटला. “ते यांनी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं. त्यांनी पेला वाजवून वाजवून नाही म्हटलं, मी आत गेले नाही.”

“कुणी सांगितलं नव्हतं?” रंगाऱ्याला कळेना.

“हे काही सांगतच नाहीत. वाचा गेलीय. हात दाखवायचे, तेही कधीचं बंद केलं. मी आत जाऊन नुसती उभी राहायची.”

वारा आला आणि तिचा पदर तिच्याच तोंडावर बसला. तिनं तो काढला नाही.

शिंपी हळूच म्हणाला, “मग ते पावाचे गोळे, बोयसाठी?”

“मी.”

“आणि पुलाच्या खांबाचं?”

“ते त्यांचं. पूर्वी ऐकलेलं.”

“च्यायला!” कुणीतरी म्हणालं आणि दोघंतिघं हसले. वाईट हसणं नव्हतं ते. एक जण तर म्हणाला, काकी तर गुरू निघाली. तिला वाटलं होतं, थुंकतील. तिला ते हवं होतं. हसल्यामुळे तिला अंगावरचं लुगडं ओलं होऊन चिकटल्यासारखं झालं.

होडीवाला हसला नाही. तो पायऱ्या चढून वर आला.

“वाचा गेलीय,” तो म्हणाला. “साफ?”

तिनं होकाराची मान हलवली.

“आणि तुम्ही मला सांगत होतात, झोपलेत. मला वाटत होतं, दादाला मी नको झालोय. होडीत बसून मी त्याला शिव्या घालायचो वहिनी. रोज.” त्यानं तोंडावरून हात फिरवला आणि तो उतार चढायला लागला. काकी त्याच्या मागं धावली. शिंपी, रंगारी, आणखी कुणी तिच्या मागं.

अर्ध्या चढावर तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाव वाचवायला म्हणून तिनं काय सांगून टाकलं होतं? ज्या आवाजाला रंगारी हसला होता, तो लपवायलाच तर त्यानं पडदा ओढला होता. तिनं भर धक्क्यावर तोच फाडला.

“भाऊजी, थांबा. आधी मी जाते. मी विचारते त्यांना.”

“पुरे झालं तुमचं विचारणं,” होडीवाला म्हणाला, आणि आत शिरून त्यानं पडदा एका बाजूला गोळा केला.

खंड्या उशीला टेकून बसला होता. मागच्या खोलीत दुकानातला उजेड सरळ पलंगावर पडला. वाढलेली दाढी, बाजूला ओढलेलं तोंड, मांडीवर दुसऱ्याचा असावा तसा पडलेला उजवा हात. त्यानं भावाला पाहिलं, भावाच्या खांद्यावरून दारातली तोंडं पाहिली, आणि मग काकीला. इतक्या दिवसांनी पहिल्यांदा सरळ तिच्या डोळ्यांत. त्याचा डावा हात लांब झाला, पडद्याकडे. पोचला नाही.

“नाही ओढणार,” होडीवाला म्हणाला. तो पलंगाच्या कडेला बसला होता आणि त्याचे गाल ओले होते. “बघू दे ना सालं! वहिनीनं सगळं सांगितलंय धक्क्यावर. पट्ट्याचं तू सांगितलं नव्हतंस. मी तुझी अक्कल काढली, दादा. मार मला.”

खंड्यानं मारलं नाही. तो भिंतीकडे वळायला बघत होता, भाऊ बसल्यामुळे त्याला वळता येत नव्हतं. रंगारी बरण्यांकडे बघत होता, त्या दिवशीसारखाच.

मग शिंपी पुढं झाला. भित्रा माणूस, पण त्याला काहीतरी बोलल्याशिवाय राहवलं नाही.

“काका,” तो म्हणाला, “मी पट्ट्यावर परत जाणार आहे. मेव्हणा म्हणतो, आता घरी बसून बादलीत गळ टाका. नाही बसणार. तर निघायचं कधी, ओळखायचं कसं?”

खंड्यानं शिंप्याकडे पाहिलं, त्याचा नवा चष्मा, त्याच्या पायातल्या चपला. बराच वेळ पाहिलं. मग डावा हात उचलला. हात आधी सरळ पुढं गेला: समुद्र. मग वळसा घेऊन मागं आला, अगदी सावकाश, खांद्यापर्यंत, आणि तिथं बोटांनी पाण्यासारखी थरथर केली. घोटा दाखवला. पाण्यानं घोटा गाठला की निघ. गुडघा दाखवला आणि मान हलवली. गुडघ्यापर्यंत थांबायचं नाही. आणि एवढ्यावर न थांबता त्यानं तोंड उघडलं. तोच लांबलचक, वेडावाकडा आवाज, तेवढाच मोठा. शिंपी हसला नाही. “कळलं,” तो म्हणाला. “मान मागं.”

काकी उंबऱ्यापाशी होती. पट्ट्यावर पाणी कसं येतं हे तिला त्या हातातून आत्ता दिसलं, उभं आयुष्य या माणसाबरोबर काढून आत्ता. खंड्याच्या तोंडाच्या वाकड्या कोपऱ्यातून लाळ ओघळून दाढीत उतरली होती. सगळ्यांना दिसत होती. ती सवयीनं पुढं झाली, खांद्यावरचं फडकं घेऊन वाकली.

त्यानं तिचा हात बाजूला केला. जोरानं नाही. मनगटाला धरून, एखादी वस्तू दुसरीकडे ठेवावी तसा. मग भावानं स्वतःच्या शर्टाच्या बाहीनं ती लाळ पुसली, आणि त्यानं पुसू दिली.

बाहेर गल्ल्याशी कुणीतरी टकटक करत होतं. “काकी, गांडुळं आहेत का?”

“आहेत,” काकी म्हणाली, पण आवाज बाहेर पोचला नाही. म्हणून ती पेटीपाशी गेली आणि ओल्या मातीत दोन्ही हात घातले.